सहेरीच्या वेळचा धक्का : भूकंपाचा नकाशा आणि न विचारलेले साक्षीदार

कुंडलचे नाव निघाले की क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकार आठवते. या गावातल्या जुन्या माणसांना भेटायला येणारे बहुतेक जण १९४२ ते १९४६ या दिवसांविषयीच विचारतात. मीही आधी त्याच कामासाठी कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात फिरत असे. पुढे मी त्या मुलाखतींच्या शेवटी आणखी एक प्रश्न जोडू लागलो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तुम्ही कुठे होता आणि काय करत होता?

ती कोयनेच्या भूकंपाची पहाट. सोमवार, वेळ ४ वाजून २१ मिनिटे. भूकंपाचे केंद्र पाटण तालुक्यात, कोयनानगरजवळ होते. तिथून कुंडल सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटरवर येते. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण कुंडल, तासगाव, विटा, मिरज या गावांत तेव्हा नेमके काय झाले, हे विचारले तर उत्तर एका ओळीत संपते: "हादरा बसला होता, पण नुकसान फारसे नव्हते." या एका ओळीत इतिहासाचा केवढा ऐवज दडलेला असतो, त्याविषयी हा लेख आहे.

एक आकडा आणि अनेक आकडे

भूकंप झाला की बातमीत रिश्टर मापाचा एक आकडा येतो. कोयनेच्या भूकंपाची महत्ता साधारण ६.३ मानली जाते. महत्ता म्हणजे जमिनीखाली किती ऊर्जा मोकळी झाली याचे माप, म्हणून ती एका भूकंपाला एकच असते. तीव्रता मात्र गावोगावी बदलते. आपल्याकडे रमजानमध्ये इफ्तारची तोफ उडवण्याची प्रथा अनेक शहरांत होती. तोफेत दारू किती भरली हा एक आकडा झाला. ती कोणत्या मोहल्ल्यात किती जोरात ऐकू आली, कुठे तावदाने थरथरली आणि कुठे काहीच ऐकू आले नाही, ही झाली तीव्रता. महत्ता यंत्र सांगते. तीव्रता बहुतेक वेळा माणूस, भिंत आणि भांडी सांगतात.

भारतात तीव्रतेसाठी प्रामुख्याने एम.एस.के. श्रेणी वापरली गेली. मेदवेदेव, श्पोनहॉयर आणि कार्निक या तीन शास्त्रज्ञांनी ती १९६४मध्ये मांडली. तिच्या बारा पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीवर घरातल्या पुष्कळ लोकांना हादरा जाणवतो आणि भांडी खणखणतात, पण झोपलेले थोडेच जागे होतात. पाचवीवर झोपलेले जागे होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात, काठोकाठ भरलेल्या भांड्यातले पाणी सांडते. सहावीवर लोक घाबरून बाहेर धावतात, फळीवरची भांडी पडतात, गिलाव्याला चिरा जातात. आठवीवर दगडमातीची घरे मोठ्या संख्येने कोसळतात. बाराव्या पायरीवर भूप्रदेशच बदलून जातो.

या पायऱ्या ठरवण्यासाठी घर कशाचे आहे हेही पाहावे लागते. मातीत रचलेल्या दगडांचे घर, विटांचे घर आणि सळई-काँक्रीटचे घर असे गट या श्रेणीतच केलेले आहेत. एकाच हादऱ्याने एक घर पडते आणि शेजारचे उभे राहते. म्हणून नुसते "घर पडले" एवढे कळून भागत नाही. भिंत किती जाड होती, छपरावर कौले होती की मातीचे धाबे, पाया खडकावर होता की काळ्या रानात, हे सगळे विचारावे लागते. मग प्रत्येक गावापुढे एक पायरी लिहितात आणि सारख्या पायरीची गावे वेढणाऱ्या रेषा नकाशावर ओढतात. त्यांना समभूकंप रेषा म्हणतात.

म्हणजे हा नकाशा अर्धा विज्ञानाचा आणि अर्धा साक्षीचा असतो. साक्षीवर उभी राहणारी कोणतीही गोष्ट इतिहासकाराच्या अंगणात येते. साक्षीदार कोण होता, त्याला कोणी विचारले, कधी विचारले आणि कोणाला विचारलेच नाही, हे प्रश्न तिथे टाळता येत नाहीत.

सुयूती, बाबर आणि फिरिश्ता

अशा नकाशांची सुरुवात सांगताना रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याचे नाव घेतले जाते. १८५७मध्ये इटलीत नेपल्सच्या परिसरात भूकंप झाला. मॅलेट तिथे गेला, पडलेल्या भिंती आणि त्यांच्या चिरा मोजत फिरला आणि नुकसानीप्रमाणे नकाशावर वर्तुळे काढली. भारतात १८९७च्या आसाम भूकंपाचा रिचर्ड ओल्डहॅमने आणि १९०५च्या कांगडा भूकंपाचा मिडलमिसने केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. दोघेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी होते.

पण साक्षी जमवण्याचे काम याच्या कितीतरी आधीपासून सुरू होते. पंधराव्या शतकात कैरोमध्ये जलालुद्दीन सुयूती (१४४५-१५०५) हा विद्वान होऊन गेला. कुरआनच्या तफसीरमुळे आपल्या मदरशांत त्याचे नाव आजही घेतले जाते. त्याने भूकंपांवर 'कश्फुस्सलसला' नावाची एक पुस्तिका लिहिली, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. कोणत्या हिजरी साली, कोणत्या महिन्यात, कोणत्या शहरात जमीन हादरली आणि काय पडले, याची ती वर्षवार यादी आहे. १८४३मध्ये अलोइस श्प्रेंगर याने तिचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला.

विसाव्या शतकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले निकोलस अँब्रेसिस यांनी अशाच अरबी-फारसी बखरी, वक्फचे कागद आणि प्रवासवर्णने वाचून इराण, इजिप्त आणि अरबस्तानच्या भूकंपांचे इतिहास सहकाऱ्यांबरोबर तयार केले. अमुक शहरात मिनार पडला, तमुक किल्ल्याचा बुरूज खचला, अशा तुटक वाक्यांवरून शेकडो वर्षांपूर्वीच्या हादऱ्याची तीव्रता त्यांनी ठरवली. आज त्या देशांत धरण किंवा अणुभट्टी बांधायची झाली तर या याद्या उघडाव्या लागतात. सुयूतीने पुस्तिका लिहिली ती लोकांना अल्लाहची आठवण राहावी म्हणून. पण त्याने तारीख, गाव आणि नुकसान नेमके लिहून ठेवले, म्हणून पाचशे वर्षांनी ती अभियंत्यांच्याही कामी आली.

हिंदुस्थानाशी जोडलेली अशी आणखी एक नोंद बाबराची आहे. १५०५मध्ये काबूलला मोठा भूकंप झाला तेव्हा तो तिथे होता. किल्ल्याची तटबंदी कुठे पडली, कोणत्या गावांतली घरे जमीनदोस्त झाली, पहिल्या दिवशी किती हादरे बसले, पुढे महिनाभर दिवसातून किती वेळा जमीन हलत राहिली, भेग कुठून कुठवर गेली, हे सगळे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. कोणत्याही सर्वेक्षकाला हवी असते तशी ती साक्ष आहे. त्याच हिजरी सालात, म्हणजे ९११मध्ये, आग्र्यालाही जबर भूकंप झाला. त्याची नोंद घेणाऱ्यांत फिरिश्ता आहे. तो तर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाने विजापुरात बसून लिहीत होता. शंभर वर्षांपूर्वीचा आग्र्याचा हादरा दख्खनच्या दरबारात नोंदला गेला, कारण तारीख जपणे हे तवारीख लिहिणाऱ्याचे कामच मानले जाई.

कधीकधी साक्ष पुस्तकात नसते, ती एखाद्या नावात किंवा इमारतीत असते. १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणात जमिनीची लांबच लांब पट्टी वर उचलली गेली आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. त्या भागात नदीच्या प्रवाहावर माणसांनी घातलेले बंधारे आधीपासून होते. हा नवा उंचवटा माणसाने घातलेला नाही, म्हणून लोकांनी त्याला 'अल्लाह बंद' म्हटले. हेच नाव पुढे जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेले. त्याच भूकंपात दूरवरच्या अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार ढासळले. तिथे आज मिनारांचे फक्त खालचे भाग दिसतात. नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने ती मशीद म्हणजे अहमदाबादपुढे लिहिलेला तीव्रतेचा आकडाच आहे.

कोयना आणि सुरक्षित समजलेला प्रदेश

दख्खनचे पठार घट्ट बसाल्टचे, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी १९६७पर्यंत समजूत होती. देशाच्या मानकातला पहिला भूकंपक्षेत्र नकाशा १९६२मध्ये आला. त्यात शून्यापासून सहापर्यंत क्षेत्रे होती आणि कोयना परिसर अगदी कमी धोक्याच्या गटात होता.

त्याच सुमारास कोयना धरणात पाणी साठू लागले. धरणाची उंची १०३ मीटर, जलाशयाचे नाव शिवसागर. पाणी चढू लागल्यावर लहान धक्के जाणवू लागले आणि ते वाढत गेले. सप्टेंबर १९६७मध्ये पाचच्या वर महत्तेचा धक्का बसला आणि तीन महिन्यांत ती पहाट आली. सुमारे १८० ते २०० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातली बहुसंख्य घरे पडली. तिथली तीव्रता एम.एस.के. श्रेणीवर आठच्या आसपास धरली जाते. धरणाच्या भिंतीतल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाहून अधिक त्वरण नोंदवले. भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या, पण धरण टिकले. नंतर त्याला जाड टेकू देऊन मजबूत करण्यात आले. वीजपुरवठा तुटल्याने मुंबई अंधारात गेली.

धरणाच्या पाण्यामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांचे कोयना हे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घ काळ काम केले. १९८५पासून वारणेच्या धरणातही पाणी साठू लागले आणि धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे, चांदोलीच्या दिशेने वाढला. आता कराडजवळ केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. तिने कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन खडकाचा अभ्यास केला आहे.

१९७०मध्ये मानक सुधारले गेले तेव्हा 'शून्य' हे क्षेत्र नकाशावरून काढून टाकण्यात आले आणि कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. जमीन तीच होती, नकाशा बदलला. कोणत्या गावात कसे घर बांधावे, शाळेच्या खांबात किती सळई घालावी, हे या नकाशावरून ठरते. म्हणून नकाशावरचा रंग हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

त्या पहाटे कोण जागे होते?

आता कुंडलकडे येतो. तीव्रतेची चौथी आणि पाचवी पायरी वेगळी करताना एक गोष्ट महत्त्वाची ठरते: झोपलेले जागे झाले का? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो: आधीच जागे कोण होते? झोपेतून दचकून उठलेला माणूस हादऱ्याचा शेवट सांगतो. जागा असलेला माणूस त्याची सुरुवात सांगू शकतो. आवाज आधी आला की हलणे आधी, पाणी कोणत्या बाजूला सांडले, किती वेळ हलले, हे त्याच्याकडूनच कळते.

डिसेंबरच्या थंडीत पहाटे सव्वाचारला खेड्यात जागे कोण असते? एक तर गुऱ्हाळावरची माणसे. कृष्णाकाठच्या या उसाच्या मुलखात तेव्हा गुऱ्हाळे रात्रभर चालत. अशाच एका गुऱ्हाळावर तरुणपणी चुलाणात जाळ घालणाऱ्या एका आजोबांनी मला सांगितले की काहिलीतला उकळता रस अचानक एका काठाला चढला आणि परत दुसऱ्या काठाला आला. गुळव्या ओरडला, "मागं सरा!" काहिलीखाली कोणी काही केले असे त्यांना वाटले. जमीन हलली हे नंतर, गावातून आरडाओरड ऐकू आल्यावर कळले.

दुसरे जागे होते ते मुसलमानांच्या घरांतले लोक, कारण तो रमजानचा महिना होता. १३८७ हिजरीचा रमजान १९६७च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला. ११ डिसेंबर म्हणजे आठवा किंवा नववा रोजा, पहिला अशरा अजून संपायचा होता. या भागात डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, म्हणजे सहेरी संपायला तासाभराहून अधिक वेळ होता. चंद्र मावळला होता, बाहेर काळोख होता. मुजावर, मुलाणी, आत्तार, तांबोळी, शिकलगार यांच्या घरांत त्या वेळी चुली पेटलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे बायका बसल्या होत्या.

एका खालांनी मला सांगितलेले असे. त्या तेव्हा नव्या नवरीच होत्या. सासूबाई पलीकडे पीठ मळत होत्या आणि त्या भाकरी थापत होत्या. "बाळा, मला वाटलं चुलीचा दगडच निसटला. तवा सरकला, भाकरी राखेत गेली. मी सासूकडं बघितलं, सासूनं माझ्याकडं. तेवढ्यात वरच्या फळीवरची दोन डेचकी खाली आली." खुंटीवरचा कंदील भिंतीला आपटत होता. भरलेल्या घागरीतले पाणी सांडून ओटा ओला झाला. आधी त्यांना गडगडल्यासारखा आवाज ऐकू आला होता, जड गाडी जावी तसा. सगळे अंगणात आले. घरातली म्हातारी मोठ्याने कलमा म्हणू लागली. शेजारच्या गल्लीतली हिंदू माणसेही घोंगड्या घेऊन बाहेर आली होती. उजाडल्यावर पाहिले तर मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर होती. त्या दिवशीचा रोजा सगळ्यांनी पाणी पिऊन ठेवला.

एम.एस.के. श्रेणीशी ही साक्ष ताडून पाहिली तर त्या गल्लीपुरती तीव्रता पाचच्या वर, सहाकडे झुकणारी दिसते. एका घरावरून गावाचा आकडा ठरवता येत नाही, त्यासाठी निदान दहा-वीस घरे हवीत. पण साक्षीचा दर्जा पाहा. आवाज, वेळ, वस्तू, पाणी, भिंत, सगळे त्यात आहे. सर्वेक्षकाच्या प्रश्नावलीतले जवळजवळ प्रत्येक कलम चुलीपुढे बसलेल्या एका बाईने पाहिले होते. मी त्यांना विचारले, तेव्हा कोणी विचारायला आले होते का? त्या हसल्या. "आमाला कोण इचारतंय?"

एवढ्या वर्षांच्या आठवणीवर विश्वास ठेवावा का, अशी शंका रास्त आहे. या भागाने १९६७नंतरही अनेक धक्के अनुभवले आणि १९९३मध्ये किल्लारीच्या भूकंपाची पहाटही पाहिली. माणूस दोन हादरे एकत्र करून सांगू शकतो. इथे रमजानच मदतीला येतो. १९६७च्या सप्टेंबरचा मोठा धक्का जमादिलाखरमध्ये बसला होता, किल्लारीचा भूकंप रबिउस्सानीमध्ये झाला. या तिघांपैकी सहेरीच्या वेळी बसलेला हादरा एकच, कोयनेचा. ज्या आठवणीत सहेरीची भाकरी आहे, तिची तारीख पक्की होते. अँब्रेसिस यांच्यासारखे अभ्यासक जुन्या अरबी नोंदींना हीच कसोटी लावतात: साक्षीदाराने सांगितलेला दिवस, नमाजाची वेळ आणि हिजरी महिना एकमेकांशी जुळतात का?

पाण्याची उंची कोण सांगणार?

सह्याद्रीच्या पलीकडे, आपल्या कोकणी बांधवांच्या किनाऱ्यावर, हाच प्रश्न पाण्याच्या बाबतीत येतो. त्सुनामीचा नकाशा काढताना लाट कुठे किती उंच आली हे लिहावे लागते. बंदरातले भरतीमापक यंत्र एक उंची सांगते. उघड्या किनाऱ्यावर पाणी जमिनीवर कुठवर चढले, ही उंची वेगळी असते. ती भिंतीवरच्या ओलीवरून, झाडात अडकलेल्या जाळ्यावरून आणि लोकांच्या सांगण्यावरून मोजतात.

२८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ सुमारे ८.१ महत्तेचा भूकंप झाला. पसनी आणि ओरमाराला तडाखा बसला. लाटा अरबी समुद्र ओलांडून सकाळी आठच्या सुमारास मुंबईला पोचल्या. वर्सोवा, जुहू, दांडा आणि हाजी अली या ठिकाणांची नावे नोंदींत येतात, पाण्याची उंची सुमारे दोन मीटर सांगितली जाते आणि काही माणसे वाहून गेल्याचे नमूद आहे. अरबी समुद्राला त्सुनामीचा धोका नाही असे म्हणणाऱ्यांना ही एक नोंद पुरेशी आहे.

त्याआधी, सप्टेंबर १५२४मध्ये, वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना समुद्र एकाएकी हादरू लागला आणि खलाशी घाबरले. गामाने त्यांना धीर देताना समुद्रच आपल्याला भिऊन थरथरतो आहे अशा अर्थाचे काही म्हटले, असे पोर्तुगीज लेखक सांगतात. ही नोंद जहाजावरून पाहणाऱ्यांची आहे. दाभोळ तेव्हा विजापूरकरांचे मोठे बंदर होते. तिथे घोड्यांचे व्यापारी होते, तांडेल होते, मच्छीमार होते, हजला निघालेले प्रवासी होते. जहाजावर समुद्र हलल्याचे कळते, पण किनाऱ्यावर पाणी कुठवर आले ते किनाऱ्यावरचा माणूसच सांगणार. याकूब बाबांच्या दर्ग्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या केळशी गावात खाडीच्या मुखाशी वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ती त्सुनामीने आणलेल्या वाळूची असावी असे मांडले. माणसांची साक्ष मिळत नाही तेव्हा वाळूला विचारावे लागते, आणि वाळू तारीख नेमकी सांगत नाही.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाच्या धामधुमीनंतर गावे झोपली होती. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता साधारण ६.२ होती, म्हणजे कोयनेएवढीच. पण कोयनेत दोनशेच्या आत माणसे गेली आणि इथे जवळपास दहा हजार. एक कारण वस्तीची दाटी आणि दुसरे घरे. लातूर-उस्मानाबादकडच्या जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या जड थराचे माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे ते छप्पर झोपलेल्या माणसांवर आले.

किल्लारी तेव्हा भूकंप नकाशावर पहिल्या क्षेत्रात, सर्वांत कमी धोक्याच्या रंगात होती. आदल्या वर्षी, १९९२मध्ये, तिथे लहान धक्के बसले होते आणि लोक घाबरून बाहेर झोपले होते. ही त्यांची साक्षच होती. २००२च्या सुधारणेत पहिले क्षेत्र रद्द झाले आणि हा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. कोयनेनंतर 'शून्य' पुसला, किल्लारीनंतर 'एक' पुसला. दोन्ही वेळा आधी कबरी आणि सरणे, मग नकाशाची दुरुस्ती.

याचे कारण साधे आहे. नकाशावर धोका दाखवायला जुन्या नोंदी लागतात. ज्या मुलखाच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत, तो नकाशावर शांत दिसतो. नोंद नाही याचा अर्थ धक्का नाही असा घेतला जातो. आपण मराठी मुसलमान इतिहासात आपली जागा कुठे आहे यावर बरेच बोलतो, ते बोललेही पाहिजे. पण इथे प्रश्न मानाचा नाही. ज्या गल्लीतल्या बाईला कोणी विचारले नाही, त्या गल्लीचा आकडा नकाशावर अंदाजाने भरला जातो. आणि तशा गल्ल्या मुसलमानांच्याच असतात असे नाही. विचारायला येणारा माणूस सहसा चावडीवर येतो आणि पारावरच्या दोघाचौघांशी बोलून जातो. मळ्यातल्या वस्त्या, दलित वस्ती, पालावरचे लोक, बायका, सगळ्यांचीच साक्ष राहून जाते.

आज हे काम सोपे झाले आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९९च्या सुमारास इंटरनेटवर लोकांना थेट विचारायला सुरुवात केली. आपल्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे 'भूकंप' नावाचे मोबाइल ॲप आहे. पण १९६७ची साक्ष ॲपवर येणार नाही. त्या पहाटे जे दहा वर्षांचे होते ते आता सत्तरीकडे झुकले आहेत, जे वीस वर्षांचे होते ते ऐंशीकडे. माझ्या यादीतल्या चार जणांचा जनाजा गेल्या दोन वर्षांत उठला. त्यातल्या दोघांशी बोलायचे राहूनच गेले.

म्हणून कराड, पाटण, चिपळूण, शिराळा, इस्लामपूर, सांगली, मिरज इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या रमजानमध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा आणि विचारा. त्या पहाटे तुम्ही कोणत्या गावात, कोणत्या घरात होता? जागे होता की झोपेत? आवाज आला का, आधी आला की नंतर? काय पडले, काय सांडले, काय झुलले? भिंत कशाची होती, तिला चीर गेली का? विहिरीचे पाणी बदलले का? आधी त्यांना सांगू द्या, मध्ये आपण जोडू नका. "माहीत नाही" म्हणाले तर तेच लिहा. वर गाव, वय आणि तारीख घाला. बोली दख्खनी असेल तर दख्खनीतच ठेवा.

कुंडलची माझी वही अजून अपुरी आहे. सतरा घरे झाली आहेत, त्यातली सहा सहेरीला उठलेली. आणखी काही घरे मिळाली की ती वही मी भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांकडे देणार आहे. त्यांना तिचा किती उपयोग होईल ते त्यांनी ठरवावे. खालांचे नाव त्यांच्या इच्छेप्रमाणे वहीत नाही, पण त्यांची डेचकी, कंदील आणि राखेत पडलेली भाकरी आता तारीख-वेळेसह लिहिलेली आहे.